पेल्यात पाणी का चढले?
(गावच्या वाचनालयात मुलांच्या प्रयोगवर्गानंतर पालकांपुढे केलेले भाषण)



आज सकाळपासून या ओसरीवर आपली मुले काय गोंधळ घालीत होती, हे पाहण्यास आपण आला आहात. काही जण रागानेही आले आहेत. वाचनालयात येऊन पुस्तक सोडून पोरे पाण्यात खेळतात, मेणबत्त्या जाळतात आणि तिकडे खुरपणी तशीच पडली आहे, असे एका बाबांनी मला दारातच सुनावले. त्यांचा राग खोटा नाही. या दिवसांत एक हात कमी पडला म्हणजे काय होते, हे मी घरी भोगले आहे. म्हणून उपदेश करीत नाही. घडले तेवढे सांगतो.

एका ताटलीत हळद कालवलेले पाणी घेतले. मधोमध मेणबत्ती उभी करून मी पेटवली आणि तिच्यावर काचेचा पेला पालथा घातला. ज्योत मंदावली, विझली आणि पिवळे पाणी आपोआप पेल्यात चढले. कारण पुसताच थोरल्या मुलांनी एका दमात सांगितले, की ज्योतीने पेल्यातला प्राणवायू खाल्ला, जागा रिकामी झाली, म्हणून पाणी वर आले. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के, म्हणून पाणीही पाचवा हिस्सा चढते, इतके त्यांना पाठ! हे उत्तर पुष्कळ पुस्तकांत छापलेले आहे. पण ते बरोबर नाही.

मी गप्प राहिलो. पुन्हा करून पाहा, एवढेच म्हटले. या वेळी एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, आतला प्राणवायू तेवढाच; पण पाणी पहिल्यापेक्षा जास्त चढले. पोरे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. तेव्हा मागे बसलेली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, ज्योत जळते तेव्हा पाणी फारसे हलत नाही. विझल्यावर भसकन चढते. तिने खाल्ले म्हणून चढले, तर खातानाच चढायला हवे होते ना?"

मग काय झाले असेल, असे मी विचारले. ती म्हणाली, "आमचे आजोबा गाडीच्या चाकावर धाव चढवायचे. लोखंड तापले की पसरते, मग ते चाकावर बसवून पाणी ओतायचे. निवले की असे आवळते की सुटत नाही. पेल्यातली हवा तशीच आवळली असेल."

बरोबर हेच कारण. ज्योतीने तापलेली हवा पसरते. पेला ठेवताना काठाखालून बुडबुडे निघतात, ती हीच. ज्योत विझली की उरलेली हवा निवून आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. प्राणवायू खर्च होतो खरा, पण त्याच्या बदली कर्बवायू आणि वाफ तयार होते. शिवाय ज्योत विझते तेव्हाही बराच प्राणवायू आत शिल्लक असतो. छापील उत्तर पाठ असलेली मुले जिथे अडली, तिथे भात्यापाशी वाढलेली पोर पुढे गेली. आणि तिला इकडे पाठवावे म्हणून मला तिच्या घरी दोन खेपा घालाव्या लागल्या. मुलीच्या जातीला प्रयोग कशाला, हा पहिल्या खेपेचा जबाब होता.

जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मागणी केली, की प्राथमिक शाळेत शेतीचेही ज्ञान द्यावे. मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांतून मुलांनी हाताने प्रयोग करून विज्ञान शिकावे अशी योजना सुरू झाली. ती पुढे शेकडो शाळांत पसरली. काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, असल्याच सामानावर तिथे काम चाले. ३० वर्षांनी, २००२ साली, सरकारने ती बंद केली. शाळेचा हुकूम वरून येतो आणि वरूनच जातो. ही ओसरी आपली आहे, म्हणून मी इथे धडपडतो.

वाचनालयाच्या मंडळींची एक तक्रार मात्र रास्त आहे: पुस्तकांच्या कपाटापाशी ज्योत नको. यापुढे सारे ओसरीवरच होईल, काडी मोठे माणूसच ओढील आणि शेजारी पाण्याची बादली भरलेली राहील.

पुढचा वर्ग रविवारी सकाळी ७ ते ९, म्हणजे मुले खुरपणीला परत जातील. त्या दिवशी शिकवणार ते त्या मुलीचे आजोबा. त्यांनी होकार दिला आहे, पण भाता फाटला आहे. चर्मकार बंधूंपैकी कोणी तो शिवून द्यावा. आणि ज्यांच्या गोठ्यात जुनी धाव पडली असेल, त्यांनी ती शनिवारी संध्याकाळपर्यंत इथे पोचवावी.