जंगल नसलेल्या गावात जंगलस्नान

आजचा एपिसोड मी घरून, म्हणजे शिरूर अनंतपाळहून रेकॉर्ड करतोय. मध्येच ट्रॅक्टरचा आवाज आला तर समजून घ्या.

माझा मावसभाऊ लातूरला रूम करून नीटची तयारी करतोय. फेब्रुवारीत एकदा रात्री एक वाजता त्याचा फोन आला. "दादा, पुस्तक उघडलं की छातीत धडधडायलंय. झोपच येईना. जपानी लोक जंगलात फिरून टेन्शन घालवतात म्हणे. आता लातुरात जंगल कुठून आणू?"

प्रश्न खरा आहे बघा. जपानचा जवळपास दोन तृतीयांश भाग जंगलाखाली आहे. आपल्या लातूर जिल्ह्यात हे प्रमाण एक टक्कासुद्धा नाही.

तो ज्याबद्दल बोलत होता, त्याला 'शिन्रिन-योकू' म्हणतात. शिन्रिन म्हणजे जंगल, योकू म्हणजे स्नान. रील्समध्ये सांगतात तशी ही हजारो वर्षांची पद्धत नाही. जुन्या झाडाला पवित्र मानून त्याभोवती दोर बांधायची रीत तिथं जुनीच आहे. आपल्याकडे वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळतात, त्याच्या जवळची. पण 'शिन्रिन-योकू' हा शब्द 1982 साली तिथल्या सरकारी वन खात्याने काढला. शहरात कामाने पिचलेल्या माणसांना पुन्हा झाडांत आणायचं होतं.

याचा अभ्यासही झालाय. 2010 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात जपानमधली 24 जंगलं होती आणि 280 तरुण. साधारण पंधरा मिनिटं चालायचं, पंधरा मिनिटं नुसतं बसून बघायचं. एकदा जंगलात, एकदा शहरात. जंगलात नाडी मंदावली, रक्तदाब उतरला आणि ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, तेही कमी भरलं.

म्हणजे अर्ध्या तासाचं काम! मी भावाला म्हटलं, रविवारी गावाकडं ये.

आमच्या शेताच्या बांधावर एक जुना लिंब आहे. फोन घरी ठेवून आम्ही तिथवर रमत-गमत गेलो. पहिली पाच मिनिटं तो सारखा खिसा चाचपत होता. मग गप्प झाला. लिंबाची पिवळी पानं गळत होती, हरभऱ्याचा आंबूस वास येत होता, कुठंतरी होला घुमत होता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "दादा, हा आवाज कितीक दिवसांनी ऐकला!"

रात्री दुसरी जपानी गोष्ट केली. तिथं लोक झोपायच्या आधी गरम पाण्याच्या टबात बसतात. आता 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या जिल्ह्यात टब कुणाला परवडणार? पण त्यांच्याकडे 'आशियू'ही आहे, म्हणजे फक्त पाय शेकणं. बादलीत सोसेल इतकं कोमट-गरम पाणी, दहा मिनिटं, झोपायच्या तासभर आधी. नंतर तेच पाणी जास्वंदीला. आजी लांबून बघत होती. म्हणाली, "रानातून दमून आल्यावर आम्ही काय करत होतो मग?"

भाऊ त्या रात्री झोपला. धडधड कायमची गेली का? नाही. सिलॅबस तेवढाच आहे आणि एक लिंब म्हणजे 24 जंगलं नव्हेत. पण आता रोज संध्याकाळी तो रूमजवळच्या पिंपळाखाली अर्धा तास बसतो, बिनफोनचा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. दोन-दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगूच नये असं वाटतंय, तर झाडाखाली बसून भागणार नाही. 14416 लावा. ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. त्यात लाजायचं काही नाही.

बाकीच्यांनी, एपिसोड संपला की फोन घरात ठेवा आणि जवळचं एखादं झाड गाठा. कुठलं झाड, ते परत आल्यावर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!