गळा आपला, कळही आपल्या हाती

(नंदुरबार जिल्ह्यातील महिला मंडळांच्या एकत्रित शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



घरच्या घरी कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड कशी करायची, हे सांगायला मला इथे बोलावलं आहे. विषय कळल्यावर काहीजणींनी विचारलं, "दारू, वनजमिनीचे दावे, रेशन, बाळंतपणं एवढे प्रश्न समोर असताना हे गाण्याचं खूळ कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते, मग यंत्राकडे वळते.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. पण इथली चळवळ त्याहून कितीतरी जुनी. १९७२ साली शहाद्याला श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते सालदारांच्या मजुरीसाठी, गेलेल्या जमिनींसाठी लढत होते. त्याच काळात भिल्ल बाया गावोगाव दारूचे अड्डे फोडायला निघाल्या. या लढ्यावर अभ्यास झाले, पुस्तकं निघाली. पण त्या वेळी टेपरेकॉर्डर गावात एखाद्याच्याच घरी असायचा, आणि तो बाईच्या हातात नसायचा. मोर्चात चालता चालता जुन्या चालीवर जोडलेली गाणी गाणाऱ्यांच्या गळ्यातच राहिली. त्यातल्या कितीतरी जणी आज नाहीत.

शहाद्याच्या वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता तुमच्यातल्या अनेकींनी ऐकली असेल. आपलं दुःख स्टेजवरून दुसराच कुणी सांगतो आणि आपण मात्र खालीच, असा तिचा विषय आहे. माइकचंही तसंच आहे. आज आदिवासी गाण्यांचा मोठा बाजार आहे. टिमली म्हणा, रोडाली म्हणा, मोबाईलवर दिवसभर वाजतं. गाणारी बाई असते. पण स्टुडिओ, कॉम्प्युटर, चॅनेल आणि पैसा बहुतेक वेळा पुरुषाच्या हाती असतो.

आमच्या मंडळातल्या एका बाईचं सांगते. तिचं नाव घेत नाही, स्टुडिओचंही घेत नाही. लग्नात गायलेलं तिचं गाणं कुणीतरी रेकॉर्ड केलं, त्याखाली डीजेचा ठेका टाकला आणि सोडून दिलं. त्या गाण्यात सासरच्या जाचाचा उल्लेख होता. लग्नघरी, चार बायांत ते चालून जातं. आठवडेबाजारात भोंग्यावर वाजलं तेव्हा घरी तिला जाब विचारला गेला. तिला पैसा मिळाला नाही, नावही लागलं नाही. बोलणी मात्र तिनेच खाल्ली. तेव्हापासून आम्ही ठरवलं, की रेकॉर्डिंग आपण शिकायचं. कळ दाबणारी आपली, आणि कधी दाबायची नाही हे ठरवणारीही आपलीच.

आता यंत्राचं बघू. घाबरण्यासारखं काही नाही. चार वस्तू लागतात.

पहिली, एक लॅपटॉप. जुना चालतो. आवाजाच्या कामाला व्हिडिओसारखी ताकद लागत नाही. दुसरी, माइक. यूएसबी माइक सरळ लॅपटॉपला जोडता येतो, सुरुवातीला तोच घ्या. पुढे दोन माइक एकदम लावायचे झाले, की ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. स्टुडिओतले कंडेन्सर माइक असतील तर त्यांना लागणारी ४८ व्होल्टची वीजही तीच पेटी पुरवते. तिसरी, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. चौथी, प्रोग्रॅम. ऑडॅसिटी नावाचा प्रोग्रॅम २००० सालापासून फुकट मिळतो आणि तो घेतल्याने कुठला कायदा मोडत नाही. चोरून कॉपी केलेले महागडे प्रोग्रॅम घेऊ नका. त्यांच्याबरोबर व्हायरस येतो. इंग्रजी वाचता येत नाही म्हणून अडू नका. तांबडा गोल म्हणजे रेकॉर्ड, चौकोन म्हणजे थांब, त्रिकोण म्हणजे ऐक. एवढ्यावर सुरुवात होते.

यंत्रापेक्षा जागा महत्त्वाची. सिमेंटच्या रिकाम्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि गाणं घुमतं. आपली कुडाची, शेणामातीने सारवलेली घरं या कामाला जास्त बरी. सिमेंटची खोली असेल तर दोरीवर गोधड्या टांगा, खाली घोंगडी अंथरा. पत्र्याच्या घरात पावसात रेकॉर्डिंग होणार नाही, ते सोडून द्या. पंखा बंद करा, मोबाईल खोलीबाहेर ठेवा. लॅपटॉप चार्ज करून वायर काढून बॅटरीवर चालवा. घरात अर्थिंग धड नसलं तर विजेची घूं घूं आवाजात उतरते, ती अशाने बऱ्याचदा जाते. वीज गेली तरी काम अडत नाही.

एकटी बाई गात असेल तर माइक तोंडापासून वीतभर ठेवा, समोर न धरता किंचित बाजूला. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून वारा सुटतो आणि माइकवर फट्‌ असा आवाज येतो. भरतकामाच्या रिंगमध्ये पातळ ओढणी ताणून मध्ये धरली की तो थांबतो. आपल्याकडे बाया दोन फळ्या करून गातात, एक फळी म्हणते, दुसरी उचलते. अशा वेळी सगळ्यांना अर्धगोलात बसवा, माइक तीन-चार फुटांवर ठेवा आणि ज्यांचा आवाज बारीक त्यांना पुढे घ्या. ढोल मात्र लांब, अंगणात. नाहीतर बायांचा आवाज त्याखाली गाडला जाईल.

पडद्यावर आवाजाची पट्टी हलताना दिसते. ती शून्याला भिडली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. जोरात गातानाही पट्टी उणे ६ च्या आत राहील असं आधीच बघून घ्या. मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाईलमध्ये ठेवा. सीडीच्या दर्जाची एका माइकची फाईल मिनिटाला साधारण ५ एमबी जागा घेते. एमपी-थ्री लहान असते, पण ती लहान होताना आवाजातला काही भाग गाळला जातो. ती फक्त पाठवायला वापरायची.

आणखी एक. काही प्रोग्रॅम उघडले की आपोआप ठेक्याच्या रेघा आखून देतात, मिनिटाला १२० ठोके. आपल्या आज्या तशा गात नाहीत. भावना चढली की लय चढते, दम लागला की थांबते. सूर 'दुरुस्त' करणारी सोयही असते. ती आवाजाला पेटीच्या पट्ट्यांवर आणून बसवते. आपले सगळे सूर त्या पट्ट्यांत बसत नाहीत. या दोन्ही गोष्टी बंद ठेवा. आपलं गाणं चुकलेलं नाही, ते दुरुस्त करायचं कारण नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा. रेकॉर्डिंग कोणाचं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रेकॉर्डिंगचा पहिला हक्क ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्याचा, म्हणजे निर्मात्याचा. गाणाऱ्या कलावंताचे हक्क कायद्यात आले १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने ते आणखी बळकट झाले. कलावंताच्या संमतीवाचून तिचं गाणं रेकॉर्ड करून विकता येत नाही आणि 'हे मी गायले आहे' असं सांगण्याचा तिला हक्क आहे. पण कोऱ्या कागदावर अंगठा घेतला की त्यातलं किती हाती उरेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून निर्माता आपलं मंडळच असू दे, आणि गाणारीचा हिस्सा आधी ठरू दे.

नाव कसं जपावं याचं चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'परी' या संकेतस्थळाने त्या लोकांसमोर आणल्या. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव येतं. 'एक ग्रामीण स्त्री' एवढ्यावर भागवलेलं नाही.

आम्ही आमच्याकडे असा नियम केला आहे. तांबडी कळ दाबली, की गाण्याआधी ती बाई स्वतःच्या भाषेत आपलं नाव, गाव आणि तारीख सांगते. हे गाणं कुठवर जावं तेही तीच सांगते: फक्त मंडळात, शिबिरात, की सगळीकडे. ही संमती त्याच फाईलमध्ये राहते, म्हणून लिहिता न येणाऱ्या बाईचीही नोंद पक्की होते. मग गाणं पूर्ण तिला ऐकवायचं. ऐकून तिने 'नको' म्हटलं, तर तिच्यासमोर पुसायचं. दोनदा असं झालं आहे. गाणी फार चांगली होती, तरी पुसली. तिसऱ्या वेळी त्यांतलीच एक बाई आपणहून दुसरं गाणं घेऊन आली.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. आणि पासवर्ड किमान दोघींना माहीत असू दे. घरातल्या मुलाला किंवा नवऱ्याला मदतीला जरूर घ्या, पण कळ त्याच्याकडे सोपवून स्वयंपाकाला निघून जाऊ नका.

जेवणानंतर मागच्या खोलीत लॅपटॉप आणि माइक मांडलेला असेल. गोधड्या टांगून झाल्या आहेत. पाच-पाच जणींचा गट करून या. प्रत्येकीने एकदा तरी स्वतः रेकॉर्ड करायचं आणि स्वतःचा आवाज ऐकायचा. पहिल्यांदा तो परका वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक मंडळाने आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या गाणारीचं एक गाणं घेऊन यायचं आहे, तिच्या नावासह आणि तिने घातलेल्या अटीसह.