ऋतुमान आणि मनःस्वास्थ्य
(ज्ञातिमंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आषाढातील मेघ पाहून कालिदासाचा यक्ष व्याकूळ झाला, हे आपण जाणतोच. आभाळाचा मनाशी संबंध आहे, ही जाण आपल्याकडे पुरातन आहे. चरकसंहितेत ऋतुपरत्वे आहारविहार कसा असावा याचे स्वतंत्र विवेचन आहे. आधुनिक वैद्यकाने हाच विषय निराळ्या मार्गाने हाती घेतला. अमेरिकेतील डॉक्टर नॉर्मन रोझेन्थाल व त्यांचे सहकारी यांनी 1984 साली ऋतुजन्य खिन्नतेच्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हिवाळा आला की काहींना अतिशय झोप येते, गोडधोड खावेसे वाटते, कामात लक्ष लागत नाही. वसंत येताच ते पूर्ववत होतात. आपल्या देहातील घड्याळ सकाळच्या उजेडावर लागते. तो उजेड उणा पडला की ते मागे पडते, असे एक कारण सांगतात. आपली मुलेबाळे आज लंडनला आहेत. तेथे डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही लहान असतो. तिकडून येणारा सूर उदास वाटला, तर त्यांना आळशी म्हणू नये.

आपल्याकडे पावसाळ्यात वाटणारी प्रत्येक मरगळ म्हणजे हाच विकार, असे मात्र नव्हे. साध्या मरगळीवर उपायही साधे आहेत. सकाळी अर्धा तास उघड्यावर जावे. ढगाळ आभाळाचा उजेडही घरातील दिव्याहून कितीतरी अधिक असतो. उठण्याची वेळ मोडू नये. शरीर हलते ठेवावे आणि माणसांत मिसळावे. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगड्यांत व्यायाम व सोबत ही दोन्ही आपोआप साधतात. परंतु विचार करा, ज्या भगिनीच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले, तिलाच आपण या खेळांतून वगळतो. सोबतीची गरज सर्वांत अधिक जिला, तीच माजघरात एकटी बसते! ही रीत आपण मोडली पाहिजे.

खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, अन्नावरची वासना उडाली, झोप नाहीशी झाली, तर डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे झाल्याचे बोल कानी आले, तर एक दिवसही थांबू नये व त्या माणसास एकटे सोडू नये. भारत सरकारने 2022 साली सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा दूरध्वनी क्रमांक 14416 आहे. तेथे अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

आता एक कटू गोष्ट. ‘मुलीचे लग्न जमायचे आहे, चार लोकांत वाच्यता नको,’ म्हणून आपल्यातील कित्येक घरी हे दुखणे झाकून ठेवतात. मधुमेहाचे औषध आपण पंगतीत बसून घेतो. मग मनाच्या औषधाचीच लाज का? सोयरीक जुळविताना ज्ञातीचा धाक वाटतो, तो धाक आपणच निर्माण केलेला आहे आणि आपणच तो दूर करू शकतो. ज्या ज्ञातीत माणसाला आपले दुःख निर्भयपणे सांगता येते, तीच खरी ज्ञाती.