गोदामात भरली कला



मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. १८७५ साली बांधलेली गोदी. कापसाच्या व्यापाराला तिने हात दिला. आता तिथं मासळी उतरते आणि बाया पहाटेपासून कोळंबी सोलतात. २०१७च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ‘स्टार्ट इंडिया’ या संस्थेने तिथल्या जुन्या गोदामात कलेचा महोत्सव भरवला. भिंतींवर चित्रं, खोल्यांत वस्तू मांडून केलेली शिल्पं, आणि तिथंच राबणाऱ्या माणसांचे मोठमोठे फोटो. गोदीतलं काम चालूच होतं. लोकांनी ते वासासकट पाहिलं.

आता आपलं पाहू. कापूस आपला, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडही आपल्याच भागात. आणि कला? भुलाबाईची गाणी, तांड्यावरची लेंगी, बंजारा भरतकाम, दंडार. सणाला बाहेर निघते, मग पुन्हा पेटीत जाते. हे सगळं एका शेडखाली एक दिवस का भरू नये?

पण आधी तीन गोष्टी ठरवू. एक, मालकाची लेखी परवानगी. दोन, वायरिंग, छप्पर, संडास-पाणी यांची तपासणी. तिसरी सगळ्यात मोठी: गाणारीला मानधन आणि भरतकामाला दाम. फोटो काढायचा तर आधी तिला विचारायचं. फोटो आपला आणि पैसा दुसऱ्याचा, असं नको.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. जे ठरेल ते इतिवृत्तात लिहा.