पंगत, पाणी आणि वाढणारे हात

सामुदायिक जेवणातून होणाऱ्या आजारांचे मूळ बहुधा पाण्यात नाहीतर वाढणाऱ्याच्या हातात असते. जेवणाऱ्याच्या जातीशी त्याचा संबंध नाही. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर या महानुभाव पंथाच्या तीर्थस्थानी तेराव्या शतकात राहणारे संत गोविंदप्रभू जात न पाहता कुणाच्याही घरी जेवत. विटाळाच्या समजुतीला जंतुशास्त्रातही आधार नाही. पण म्हणून उष्टा पेला निर्धोक ठरत नाही.

वऱ्हाडातल्या भंडाऱ्याला रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी असते. गोवऱ्यांच्या विस्तवात खरपूस भाजलेल्या रोडग्यात आणि उकळत्या वरणात रोगजंतू सहसा तग धरत नाहीत. धोका त्यानंतर सुरू होतो. रोडग्यावरची राख ज्या फडक्याने पुसतात, तेच फडके हात पुसायला आणि ताटे कोरडी करायलाही फिरते. निरोगी माणसाच्या नाकात, तसेच बोटावरच्या पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असू शकतात. अन्न कोमट राहिले की ते वाढतात आणि विष तयार करतात. पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, विष मात्र उरते. काही तासांतच उलट्या सुरू होतात. म्हणून शिजलेले अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर गरम ठेवावे, किंवा दोन तासांच्या आत संपवावे. मोठ्या गंजातली भाजी फार सावकाश निवते, त्यामुळे उरलेली भाजी लगेच पसरट भांड्यांत काढणे बरे.

पाण्याचा धोका याहून मोठा. जुलै 2022 मध्ये याच अमरावती जिल्ह्यात, चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी या गावांत दूषित पाण्यामुळे कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. पंगतीच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर योग्य प्रमाणात टाकून किमान अर्धा तास थांबावे लागते. एवढे करूनही प्रत्येकाने ड्रममध्ये आपला पेला बुडवला, तर बोटांवरची घाण सगळ्यांच्या पोटात जाते. त्यावर लांब दांड्याचे ओगराळे किंवा ड्रमला तोटी, एवढा साधा उपाय आहे. मठ्ठ्यात टाकायचा बर्फही पिण्याच्या पाण्याचाच हवा, आणि याकडे सर्रास दुर्लक्ष होते.

वाढण्यापूर्वी आणि शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणे सर्वांनाच लागू आहे. ज्याला हगवण किंवा उलट्या झाल्या असतील, त्याने त्या थांबल्यानंतरही दोन दिवस वाढायला उभे राहू नये.