कार्ड आले; भाड्याचे काय?



नाशिक शहराची बससेवा दीर्घकाळ एस.टी. चालवीत असे. ८ जुलै २०२१ पासून ती महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे ‘सिटीलिंक’ या नावाने आली. गाड्या ठेकेदारांच्या, त्यांना मोबदला धावलेल्या किलोमीटरवर. भाड्याचे उत्पन्न महामंडळाचे आणि तोटा महापालिकेचा. तिकीट आता मोबाईलवरही मिळते. मात्र याच व्यवस्थेत वेतन थकल्यामुळे वाहकांना एकाहून अधिक वेळा काम थांबवावे लागले, हेही विसरता येत नाही.

भाडेआकारणीचा प्रश्न तंत्राचा म्हणून मांडला जातो. वस्तुतः तो वाटपाचा आहे. मासिक पासात प्रत्येक फेरी स्वस्त पडते. परंतु त्यासाठी महिन्याचे पैसे आधी मोजावे लागतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील कायम कामगार ते मोजू शकतो. नाक्यावर कामाची वाट पाहणारा मजूर किंवा चार घरची धुणीभांडी करणारी बाई रोज सुटे तिकीट काढते. म्हणजे ज्याची मिळकत कमी, त्यालाच दर फेरीस अधिक भाडे! त्यातून गाडी बदलावी लागली, तर किमान भाडे दोनदा.

हा अन्याय कार्ड दूर करू शकते. लंडनमध्ये २००३ साली ऑयस्टर कार्ड आले आणि २००५ पासून दिवसभराच्या भाड्याला कमाल मर्यादा पडली. २०१६ पासून तेथे तासाभरात दुसरी बस घेतल्यास वेगळे भाडे पडत नाही. पासाचा लाभ असा आगाऊ रकमेवाचून मिळू शकतो. परंतु त्याच लंडनने २०१४ साली बसमधील रोख तिकीट बंद केले. त्याचे अनुकरण येथे घातक ठरेल. कार्डात आगाऊ भरलेली रक्कम म्हणजे प्रवाशाने दिलेले बिनव्याजी कर्जच होय. ज्याची ते देण्याची ऐपत नाही, त्याला गाडीतून उतरवणे ही सुधारणा नव्हे.

तोट्याची ओरड नेहमीच होते. पण बसमुळे कारखानदाराला वेळेवर कामगार मिळतो, दुकानदाराला गिऱ्हाईक मिळते आणि मार्गालगतच्या जमिनीचा भाव चढतो. लाभ सर्वांचा असताना सारा खर्च एकट्या प्रवाशानेच का सोसावा? १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांना अर्धे भाडे झाले, ते शासनाने भरपाईची जबाबदारी घेतली म्हणून, यंत्रामुळे नव्हे.

तेव्हा कार्डाला विरोध करण्याचे कारण नाही. दिवसाच्या भाड्यास मर्यादा, गाडी बदलल्यास एकच भाडे, रोख तिकिटाची हमी आणि वाहकाला वेळेवर वेतन, या चार मागण्या कार्यकर्त्यांनी बसथांब्या-थांब्यावर नेल्या पाहिजेत. कार्ड कसे असावे हे तंत्रज्ञ ठरवतील; त्यातून कोणाच्या खिशातले किती जावे, हे मात्र लोकांनीच ठरवायचे आहे.