शोभेच्या टाकीतले विषारी प्रवाळ



अणशीत समुद्र नाही, मग समुद्राच्या प्रवाळाचा विषय कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण घाट उतरला की कद्रा आणि पुढे कारवार. शिवाय आपली मुले आता बेंगळुरू, पुणे आणि त्याहून लांब राहतात. तिथे घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवून त्यात मासे आणि प्रवाळ सांभाळण्याची हौस वाढते आहे. हौसेला आमची हरकत नाही. पण एक धोका घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. तो मेलेल्या प्रवाळाचा कठीण सांगाडा असतो, त्याचे भय नाही. भय आहे ते झोअँथिड नावाच्या मऊ, बटणासारख्या रंगीत जिवांचे. दिसायला ती दगडावर उमललेली फुलेच. त्यांतल्या काहींमध्ये, विशेषतः पॅलिथोआ जातीत, पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. हवाई बेटांवरच्या हाना भागातले लोक याला मरणाचे शेवाळ म्हणत आणि भाल्याच्या टोकाला ते लावत, अशी तिथली कथा आहे. शास्त्रज्ञांनी 1971 मध्ये हे विष वेगळे काढले. आपल्या पेशींत सोडियम आणि पोटॅशियम यांची ने-आण करणारा पंप असतो. हे विष त्या पंपाचे दार सताड उघडे ठेवते. मग स्नायू आणि हृदय यांचे काम बिघडते.

आता मुख्य मुद्दा. चतुर्थीच्या आधी आपण घर धुऊन काढतो आणि चिवट डाग दिसला की उकळते पाणी ओततो. टाकीतल्या दगडाच्या बाबतीत नेमके हेच करायचे नाही. हे विष साध्या उष्णतेने मरत नाही. उलट वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर ते हवेत जाते आणि श्वासातून घरातल्या सगळ्यांना बाधते. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीतले प्रवाळ साफ करताना एका कुटुंबाला आणि मदतीला धावलेल्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. अमेरिकेत अलास्कातही 2012 ते 2014 या काळात घरांत आणि दुकानांत अशा घटना घडल्या.

म्हणून दगड उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कोरडा घासू नका, फोडू नका. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. टाकीची भांडी, ब्रश स्वयंपाकघरात आणू नका. लहान मुले, कुत्री-मांजरे दूर ठेवा.

तोंडात कडू किंवा धातूसारखी चव, थंडी-ताप, खोकला, धाप, अंगदुखी, मुंग्या, डोळ्यांची आग, यांतले काही जाणवले तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि 108 ला फोन करावा. डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द सांगावा. हा साधा फ्लू वाटू शकतो, म्हणून टाकीची गोष्ट लपवू नये. यावर उतारा नाही, लक्षणांप्रमाणे उपचार होतात. म्हणूनच उशीर नको.

दुसरे असे, की आपल्या देशात खडक बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 1987 पासून राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी नांदणाऱ्या आपल्याला 'रानातले रानातच' हा नियम नव्याने शिकवायला नको. समुद्रालाही तोच नियम.

गौरीच्या दिवसांत रानात कळलावी फुलते. तिचा कंद विषारी, हे आपल्या आजीला पुस्तकाविना ठाऊक होते. म्हणून ती फूल कौतुकाने पाही आणि मुलांना कंदापासून दूर ठेवी. टाकीतल्या फुलांची ओळखही घरात अशीच सर्वांना असावी. या उत्सवात दूरच्या मुलांशी फोनवर बोलाल तेव्हा एवढे नक्की विचारा, 'टाकीत काय ठेवले आहे, आणि ते साफ कसे करतोस?'

गणपती बाप्पा मोरया!